नवऱ्याच्या नावाची सुई

सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. कुठलं रुग्णालय ते सांगणार नाही. श्रीवर्धनच्या किनाऱ्याकडचं, एवढं पुरे. माझ्या जिभेला हाड नाही हे आसपासच्या सगळ्या वाड्यांना ठाऊक होतं. शीर सापडली नाही तर मी माणसाला बोलायची, सापडली तरी बोलायची. उपाशीपोटी ये म्हटलं आणि चहा-बटर खाऊन आलास? मग काय, बारशाला आलायस का? म्हातारे मच्छीमार, ज्यांना होडीवरच्या नाखवाचीही भीती नाही ते, माझ्यासमोर बाही वर करताना गप्प असायचे. मला ते आवडायचं. गोड बोललं की लोक डोक्यावर मिरे वाटतात, असं माझं ठाम मत होतं.

सुरुवातीला मी अशी नव्हते, हेही खरं. नोकरीला लागले तेव्हा गरोदर बायकांना मी सगळं समजावून सांगायची. कशासाठी रक्त घेतेय, काय बघणार, काय निघालं तर काय करायचं. आपल्याकडे ज्याला गुप्तरोग म्हणतात तो संबंधातून येतो, येताना पाटी लावून येत नाही, वर्षानुवर्षं अंगात राहतो आणि माणूस ठणठणीत दिसतो. एखादी जखम झाली तरी ती दुखत नाही, आपोआप भरते, आणि माणूस समजतो की गेलं. मी हे बोलायची तेव्हा बायका पदर तोंडात धरून हसायच्या, पण ऐकायच्या. एकीने तर दुसऱ्या दिवशी जावेला आणलं होतं, हिला पण सांगा म्हणून.

मग एका बाप्याने मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार केली. म्हणाला, ती बाई आमच्या बायकांना घाण शिकवते. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि समोर त्याला बसवून मलाच सुनावलं. तुम्ही रक्त काढा, प्रवचनं नकोत. कुणी विचारलं तर सांगा नियम आहे, विषय संपला. तो माणूस खुर्चीत पाय हलवत माझ्याकडे बघत होता. मला असा संताप आला की घरी येऊन मी जेवले नाही. पण मी भांडले नाही. उलट मनात म्हटलं, बरं, तसंच करते. तुम्हाला कळायला नकोय ना, मग मरा. तो राग मी पुढे वीस वर्षं पाळला.

आणि लोकही मला त्यात साथ द्यायचे. रक्त तपासणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, ही इकडची समजूत. हरिहरेश्वरच्या एका लॉजवरचा आचारी एकदा सकाळी सकाळी घामाघूम होऊन आला. काल रात्री चूक झाली, आत्ता तपासा म्हणाला. काल झालेलं आज रक्तात दिसत नाही, काही आठवड्यांनी ये आणि मग पुन्हा तीन महिन्यांनी ये, एवढंच सांगायचं होतं मला. एचआयव्हीची शंका असेल तर तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू करता येतात, हे तर आधी सांगायचं होतं. मी म्हटलं, ‘रात्री अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?’ तो गेला तो गेलाच. पुढे महिन्याभराने बोर्लीच्या बाजारात दिसला, तर मला बघून कांद्याच्या ढिगामागे वळला. मी तेव्हा मनात हसले होते.

बरेचसे पुरुष आमच्याकडे यायचेच नाहीत. औषधाच्या दुकानातून अर्धी पट्टी कॅप्सूल घ्यायचे, दोन दिवसांत आग थांबली की उरलेल्या गोळ्या कपाटाच्या वर. निरोधची पेटी आमच्या व्हरांड्यात होती. एकदा मी ती उचलून मागे शौचालयाच्या भिंतीवर लावली, जिथे कुणाचं लक्ष नसतं. दोन दिवसांत रिकामी झाली. मग कुणीतरी साहेब तपासणीला आले, म्हणाले पेटी दर्शनी भागात हवी. ती पुन्हा केसपेपरच्या खिडकीशेजारी आली, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर. त्यानंतर ती मी निवृत्त होईपर्यंत भरलेलीच राहिली.

तर ती मुलगी.

बावीस वर्षांची असेल. पहिलंच गरोदरपण, चौथा महिना लागलेला. सोबत सासू. घर आतल्या अंगाला, भातशेतीचं. थोरला मुलगा, म्हणजे हिचा नवरा, उरणकडे बंदरावर ट्रेलर चालवायचा आणि शिमग्याला नि गणपतीला घरी यायचा. धाकटा घरीच, शेतीला आणि गुरांना. मुलगी बुजरी नव्हती. बोट टोचल्यावर तिने हात मागे घेतला नाही, उलट वाकून बघत होती की थेंब पट्टीवर कसा पसरतो. मला ते लक्षात राहिलं कारण कुणी तसं बघत नाही.

आता एकाच पट्टीवर दोन तपासण्या होतात, एचआयव्हीची आणि सिफिलिसची. सिफिलिसला पुस्तकात उपदंश म्हणतात, तो कुणाला कळत नाही. गरमी म्हणावं तर लोक कोकमाचं सरबत पाजतील. एचआयव्हीच्या जागी काही उमटलं नाही. सिफिलिसच्या जागी रेघ उमटली, चांगली ठसठशीत. मी दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासलं. तेच.

इथे मी पहिली चूक केली. सासू खोलीत होती, एकुलत्या एक स्टुलावर ठाण मांडून. कायदा सांगतो की रिपोर्ट ज्याचा त्याला सांगायचा, दुसऱ्या कुणासमोर नाही. समुपदेशकाची बदली झालेली, त्याच्या खुर्चीवर फाइली. बाहेर रांग, अकरा वाजलेले, आणि म्हातारीला उठवायचं म्हणजे आणखी दहा वाक्यं. मी तशीच बोलले. रक्तात गुप्तरोग निघालाय, तीन आठवडे दर आठवड्याला सुई घ्यायची, आणि नवऱ्याला घेऊन ये, त्याचंही रक्त आणि त्यालाही सुई.

सासू म्हणाली, त्याला कशाला? त्याला काय झालंय?

मी म्हटलं, ‘नियम आहे.’

मुलीने तोंड उघडलं होतं. काहीतरी विचारणार होती, हात पोटावर गेला होता. मी पुढचं नाव पुकारलं.

तिला सांगितलं नाही ते आता सांगते. हा रोग आईकडून पोटातल्या बाळात उतरतो. बाळ पोटात मरू शकतं, किंवा जन्मून मरतं, किंवा अधू होतं. आणि हे सगळं टाळता येतं, पेनिसिलीनने, जुन्यातल्या जुन्या स्वस्त औषधाने. आईने वेळेत सुया घेतल्या तर बाळ वाचतं. पण नवरा तसाच राहिला तर तो तिला पुन्हा लागण करतो, आणि तिच्या सुया पाण्यात जातात. म्हणून दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत जवळ यायचं नाही, किंवा निरोध. शाळेतल्या पोराला समजेल एवढं हे सोपं आहे. त्या मुलीचं बाळ जगणार की मरणार, ते त्या ट्रेलरवाल्याच्या ढुंगणावर सुई टोचली जाते की नाही एवढ्यावर होतं. आणि मी म्हटलं नियम आहे.

इकडच्या घरांची एक रीत आहे, ती बाहेरच्याला सांगावी लागेल. एक भाऊ मुंबईला किंवा कंपनीत, एक घरी. जो घरी राहतो तो गेलेल्याच्या नावाने सगळीकडे उभा राहतो. ग्रामसभेत थोरल्याचं नाव पुकारलं की धाकटा हात वर करतो. शिमग्यात पालखीचा मान थोरल्याचा, खांदा धाकट्याचा. बापाच्या श्राद्धाला पिंड धाकटा ठेवतो आणि संकल्पात नाव थोरल्याचं घेतात. कुणाला यात फसवणूक वाटत नाही, सोय वाटते. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा लोक चिडले होते, की आता भावाला भावाचं धान्य पण आणता येणार नाही का?

पुढच्या बुधवारी म्हातारी मुलाला घेऊन आली. चिठ्ठीवर नाव थोरल्याचं. समोर उभा होता तो तेवीस-चोविसाचा, मिसरूड नुकतं दाट झालेला, पायाला शेतातली माती. मी वय विचारलं. त्याने आईकडे बघितलं.

‘एकतीस लिव, बाय,’ म्हातारी म्हणाली.

मी बघितलं. माझं पेन थांबलं. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही, मला तिथल्या तिथे कळलं. आधार कार्ड मागितलं तर घरी राहिलं म्हणाली. उठता बसता लोकांवर नियम फेकणारी मी, त्या दिवशी नियम गिळून बसले. कारण सांगते, ऐका. पुढच्या आठवड्यात आमची तपासणी होती आणि ‘जोडीदाराची चाचणी’ या रकान्यात तिच्या नावापुढे जागा मोकळी होती. मोकळी जागा दिसली की वरचे विचारतात. मी एकतीस लिहिलं, रक्त घेतलं, रकाना भरला.

रिपोर्ट अर्थातच साफ आला. डॉक्टर पोरगेले होते, पण हुशार. म्हणाले, कधीकधी सुरुवातीला दिसत नाही, बायकोला आहे म्हणजे नवऱ्याला सुई द्यायचीच. बरोबर बोलले. समोर कोण बसलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. सिस्टरने दोन्ही बाजूंना पेनिसिलीन टोचलं. ही सुई फार दुखते, औषध दुधासारखं जाड असतं. धाकटा लंगडत बाहेर आला, दाराला धरून उभा राहिला, आणि आईने विचारलं झालं का, तर मान हलवली. कसली सुई घेतली हे त्याला कुणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. डबा खाताना ते लंगडणं आठवून मला हसू आलं. मी हसले, हे लिहायलाच हवं.

म्हातारीने रिपोर्ट मागून घेतला. विहिरीवर, देवळात, जिथे चार बायका भेटतील तिथे ती सांगायला लागली, माझा पोरगा धुतल्या तांदळासारखा, डॉक्टरचा कागद हाय. कागदावर नाव थोरल्याचं होतं, म्हणून तिच्या लेखी रक्तही थोरल्याचंच. तिने स्वतःच धाकट्याला हाताला धरून आणलं होतं आणि तरी तिचा त्या कागदावर विश्वास बसला. माणूस असाही असू शकतो. मग उरलं कोण? सून. सुनेने हे माहेराहून आणलं.

मुलगी दुसऱ्या आणि तिसऱ्या सुईला एकटीच आली. गावच्या आशाताईकडून मला कळत होतं की घरात काय चाललंय. तिचं ताट-वाटी वेगळं काढलेलं. कपडे वेगळे धुवायचे, वेगळ्या दांडीवर वाळत घालायचे. झोपायला पडवी, गुरांच्या भिंतीला लागून. चुलीला हात लावायचा नाही, पण शेण काढायचं, पाणी भरायचं. आईचं लक्ष नसेल तेव्हा धाकटा, तिचा भावजी, तेवढी कळशी उचलून ठेवायचा. तिसऱ्या सुईच्या दिवशी मी तिला म्हटलं, ताटाने, कपड्याने, शेजारी बसल्याने हे होत नसतं, सांग तुझ्या सासूला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. सांग म्हणे सासूला. मी इतकी वर्षं नोकरीत मुरलेली सरकारी बाई, म्हातारीला स्टुलावरून उठवायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि ही बावीस वर्षांची पोटुशी पडवीत झोपणारी पोर तिला सांगणार होती.

शिमगा आला. नवरा आठ दिवस घरी आला. त्याला रक्ताला पाठवायचं कुणाच्या मनातच आलं नाही, कारण कागदावर त्याचं सगळं होऊन गेलेलं होतं. आईने त्याला काय सांगितलं असेल तर एवढंच की बायकोच्या अंगात दोष निघाला होता, सुया झाल्या, आता बरी आहे. त्या आठ दिवसांपुरती मुलीची वळकटी पडवीतून खोलीत गेली. मुलगा घरी असताना त्याची बायको बाहेर निजलेली कशी चालेल? तो परत बंदरावर गेला त्या दिवशी वळकटी पुन्हा पडवीत आली. हे आशाताईने मला सांगितलं, भाजी निवडल्यासारखं, सहज. मी ऐकून घेतलं. रक्त तपासणाऱ्या बाईच्या डोक्यात तेव्हा घंटा वाजायला हवी होती. वाजली. मी डोकं दुसरीकडे वळवलं. म्हटलं, एवढ्यात काय होतंय, आणि आता उकरून काढलं तर नाव माझंच निघेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सातव्या महिन्यात तिला माहेरी पाठवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत बरी पडली, सुनेला हाकलायची तसदी म्हातारीला पडली नाही. खरं तर तेव्हा रक्त पुन्हा तपासायचं असतं. माहेरच्या दवाखान्यात तिचं कार्ड बघितलं, आईच्या तीन सुया झालेल्या, नवऱ्याची चाचणी साफ, नवऱ्यालाही सुई दिलेली, सगळं माझ्या सुवाच्य अक्षरात. त्यांनी म्हटलं इथे काही बघायचं राहिलेलं नाही.

आठव्या महिन्यात बाळ हलायचं थांबलं. दोन दिवसांनी तिला मोकळं केलं. मुलगा होता.

हे मला पत्राने कळलं. तिकडच्या डॉक्टरांनी तिचं रक्त पुन्हा तपासलं होतं. रोगाचं प्रमाण, जे सुयांनंतर खाली यायला हवं होतं, ते पहिल्यापेक्षा वर चढलेलं. पुन्हा लागण झाल्याची शंका वाटते, असं लिहिलं होतं. आणि खाली एक प्रश्न, पतीचे उपचार झाले होते काय? आमच्या डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला, म्हणाले रजिस्टर बघून उत्तर लिहा. मी रजिस्टर उघडलं. तिचं पान मला शोधावं लागलं नाही. मी लिहिलं, होय. डॉक्टरांनी सही केली.

मी देवाधर्माची बाई नाही. पण त्या दिवसानंतर मला हात धुतले तरी धुतल्यासारखे वाटेनात. चिडचिड इतकी वाढली की सिस्टर माझ्याशी बोलायच्या थांबल्या. मला वाटत होतं, चूक म्हातारीची, चूक त्या ट्रेलरवाल्याची, चूक त्या बैलासारख्या धाकट्याची, ज्याने विचारलंही नाही की ही सुई कशाची. रोज नव्या माणसाच्या नावाने खडे फोडायचे. रोज शेवटी तो ‘होय’ आठवायचा.

अडीच-तीन महिन्यांनी ती आली. पहाटे माहेराहून निघून, दोन एसट्या बदलून, एकटी. आधीपेक्षा अर्धी झाली होती. सासरी अजून घेतलेलं नव्हतं. तिकडे तिला पुन्हा सुया दिल्या होत्या आणि तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं; तिथे तपासता आलं असतं, पण ती माझ्याकडे आली. मी रक्त घेतलं. एक शब्द वावगा बोलले नाही. ती उठेना.

म्हणाली, तिकडच्या डॉक्टरांनी बाळ कशाने गेलं ते सांगितलं, पण इंग्रजीत आणि घाईत, तिला काही उमगलं नाही.

मी उठून दार लावलं. बाहेर रांग होती, कुणीतरी दार ठोठावलं, मी लक्ष दिलं नाही. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, ‘तुझ्या नवऱ्याचं म्हणून जे रक्त मी तपासलं, ते तुझ्या नवऱ्याचं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं.’

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘म्हाईत हाय,’ ती म्हणाली. ‘भावजींचं व्हतं. सुईपन त्यांनीच घेतली. घरी आले तं बसता येत नव्हतं त्यांना. मीच मिठाची पुरचुंडी तापवून दिली.’

मग मला राग आला, माझा तो जुना दळभद्री राग, आणि मी तिच्यावरच ओरडले की मग बोलली का नाहीस, माझ्याकडे का नाही आलीस, तोंड शिवलं होतं का?

ती शांतपणे म्हणाली, ‘काय बोलायचं? तुमी म्हनालात नियम हाय. नियमाची सगली कामं आमच्यात भावजीच करतात.’ मग तिने पुढचं सांगितलं. ‘बालासाठी हाय, असं कुनी म्हनलं असतं ना मॅडम, तं शिमग्यात मी त्याला जवल येऊ दिला नसता.’

बाहेर दार पुन्हा वाजलं. मी तिला विचारलं, सांगू का आता सगळं? तिने मान हलवली. मग मी सांगितलं, नोकरीच्या सुरुवातीला सांगायची तसं, एकेक करून. रोग कसा येतो आणि कसा लपून राहतो. तो तिने आणला की नवऱ्याने, हे कुठलीही पट्टी सांगत नाही, पण तिच्या सुयांनंतर तो परत आला याचा अर्थ काय. बाळात तो कसा उतरला. आता तिच्या अंगात औषध गेलंय, ती बरी होईल, पुढचं मूल चांगलं होऊ शकतं. पण नवऱ्याने स्वतः येऊन रक्त दिल्याशिवाय, सुया घेतल्याशिवाय आणि मी हो म्हटल्याशिवाय त्याच्याजवळ जायचं नाही. पुढच्या गरोदरपणात पहिल्या महिन्यांत तपासायचं आणि सातव्यात परत तपासायचं, कार्डावर काही का लिहिलेलं असेना. ती मधेमधे प्रश्न विचारत होती. चांगले प्रश्न होते. पहिल्या दिवशी ती पट्टीवरच्या थेंबाकडे वाकून बघत होती, तेव्हाच ते तिच्या तोंडाशी आले असणार.

माझं बोलून झालं. ती वाट बघत राहिली, जणू अजून काही अवघड उरलंय.

‘एवढंच?’ तिने विचारलं.

‘एवढंच.’

‘किती वेल लागला तुमाला?’

मी वर घड्याळाकडे बघितलं. दार लावलं तेव्हाही मी बघितलं होतं, सवयीने, रांग होती म्हणून.

‘नऊ मिनिटं,’ मी म्हटलं.

तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि तिथेच बसून नवऱ्याला फोन लावला. तो गाडीवर असावा, मागे हॉर्न ऐकू येत होते. ती भांडली नाही, रडलीही नाही. जे मी तिला सांगितलं तेच तिने त्याला तिच्या भाषेत सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत, आणि बाळ कशाने गेलं ते सांगितलं. मग त्याने विचारलं की कुठे यायचं.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधी तो स्वतः, थोरला, व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला होता.